मेनाशे बेन इस्राएल वाचायचा कसा? शीर्षकपानापासून

मुद्रितशोधनाच्या कामाला लागले त्या पहिल्याच महिन्यात माझ्या हातून एक पुस्तक छापून गेलं, त्याच्या शीर्षकपानावर लेखकाचंच आडनाव चुकलं होतं. आतली तीनशे पानं मी डोळ्यांत तेल घालून वाचली होती आणि पहिलं पान ‘त्यात काय वाचायचं’ म्हणून सोडलं होतं. तेव्हापासून कुठलंही पुस्तक आलं की आधी शीर्षकपान, मग अर्पणपत्रिका, मग शेवटचं पान आणि त्यानंतरच मजकूर, असा माझा क्रम ठरून गेला. निवृत्तीनंतर मी सतराव्या शतकातल्या ॲमस्टरडॅमच्या मेनाशे बेन इस्राएल या ज्यू लेखकाच्या नादी लागले, तेव्हा हीच सवय कामाला आली. त्याच्याबद्दल वाचायचं ठरवलं असेल, तर तुम्हीही याच वाटेने जा असं मी सांगेन.

चरित्रापासून सुरुवात करू नका. मी केली होती आणि दोन महिने फुकट घालवले. चरित्रात तो एका सलग गोष्टीसारखा येतो: पोर्तुगीज घराण्यातला मुलगा, विद्वान रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू, इंग्लंडचा कारभार हाती असलेल्या क्रॉमवेलला भेटलेला माणूस, अपयशात झालेला शेवट. वाचून बरं वाटतं, पण पुस्तक मिटल्यावर हाती काही उरत नाही. पुस्तकंच समोर घेतली की मात्र लक्षात येतं, हा माणूस लेखक होता तसाच छापखान्याचा मालक होता. शाईचे हात असलेला माणूस पहिल्या पानावर एकही अक्षर उगाच टाकत नाही.

(मी त्याला एकेरीत लिहिते. इतकी वर्षं शेजारी बसून प्रुफं तपासल्यासारखं झालंय, आता ‘अहो’ म्हणायला जीभ वळत नाही.)

एक कागद, पाच रकाने

आधी एक मोठा कागद घ्या, आडवा धरा, पाच रकाने पाडा: वर्ष, भाषा, कुठे आणि कोणी छापलं, कोणाला अर्पण, आणि शेवटचा ‘हे कोण वाचणार होतं?’ या पाचव्या रकान्यासाठीच बाकीचे चार आहेत. तो पेन्सिलीने भरा, कारण खोडावं लागेल.

पुस्तकांच्या छायाप्रती इंटरनेटवर मिळतात. ॲमस्टरडॅमच्या पोर्तुगीज सिनगॉगचं (ज्यू प्रार्थनामंदिराचं) एट्स हाइम ग्रंथालय १६१६ पासूनचं आहे. त्याच्या आणि युरोपातल्या इतर मोठ्या ग्रंथालयांच्या संग्रहात ही पुस्तकं सापडतात. शोधताना अडचण येते ती नावाच्या स्पेलिंगची. कोणी ‘मे’ने सुरुवात करतं, कोणी ‘म’ने, एक ‘स’ किंवा दोन, शेवटी ‘ह’ असेल किंवा नसेल. एका स्पेलिंगवर सापडलं नाही म्हणून पुस्तक नाहीच असं समजू नका. मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, हे नाव ‘मनश्शे’ असं येतं. मी उच्चाराला सोपं म्हणून ‘मेनाशे’ लिहिते.

नावाचं प्रकरण इथेच संपत नाही. त्याचा जन्म १६०४ चा. बाप्तिस्म्याचं नाव मॅनुएल दियाश सोएइरो. वडील गाश्पार रोद्रिगेश नुनेश लिस्बनला इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, तावडीत सापडले होते, छळ सोसून सुटले होते. पोर्तुगालमध्ये ज्यूंना १४९७ मध्ये सक्तीने ख्रिस्ती केलं गेलं. त्यानंतरच्या पिढ्या वरून ख्रिस्ती, आतून काय ते त्यांचं त्यांना ठाऊक, अशा जगत होत्या. ॲमस्टरडॅमला पोचल्यावर या कुटुंबाने उघडपणे ज्यू नावं घेतली, आणि ती कशी घेतली पाहा. वडील झाले योसेफ, मुलं एफ्राइम आणि मेनाशे. बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक उघडलंत तर योसेफाच्या मुलांची नावं हीच. परक्या देशात जन्मलेली आणि तरीही इस्राएलच्या वंशात मोजली गेलेली ती दोन मुलं. नुसत्या नावांतून या घराने आपली हकिगत सांगून टाकली. तेव्हा या समाजातला कोणीही माणूस वाचताना त्याची दोन्ही नावं कागदाच्या समासात टिपून ठेवा. व्यापाराच्या कागदावर एक, सिनगॉगमध्ये दुसरं असं चालायचं. दोन नावं म्हणजे दोन माणसं समजून बसलात तर सगळा हिशेब चुकतो.

वर्ष काढायचं कसं

हिब्रू शीर्षकपानावर वर्ष बहुधा अंकांत नसतं, अक्षरांत असतं. प्रत्येक हिब्रू अक्षराला किंमत आहे: आलेफ १, बेत २, असं योद १० पर्यंत, मग दहादहाने कोफ १०० पर्यंत, मग रेश २००, शिन ३००, ताव ४००. हजाराचा आकडा गाळायचा रिवाज. त्याला ‘लहान मोजणी’ म्हणतात. म्हणजे शिन, पे, झायिन अशी अक्षरं असतील तर ३०० अधिक ८० अधिक ७, झाले ३८७. त्यात १२४० मिळवा: १६२७. एवढीच युक्ती आहे.

पण तिला एक खोच आहे. ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होतं. त्यामुळे तिश्री, हेश्वान, किस्लेव या महिन्यांतली, आणि तेवेतमधली काही तारीख असेल तर एक वजा करावा लागतो. मेनाशेच्या छापखान्याचं पहिलं पुस्तक म्हणजे सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंच्या, पद्धतीची प्रार्थनापोथी. तिच्या शेवटी तारीख आहे १३ तेवेत ५३८७. ती नेमकी १ जानेवारी १६२७ ला येते, म्हणजे एक दिवस आधी संपली असती तर १६२६ लिहावं लागलं असतं.

कधी कधी वर्ष सरळ अक्षरांत न देता बायबलमधली एखादी ओळ छापतात आणि तिच्यातली काही अक्षरं मोठी करतात किंवा त्यांच्यावर ठिपके देतात. बेरीज फक्त त्याच अक्षरांची करायची. कमी दर्जाच्या छायाप्रतीत ठिपके उडालेले असतात आणि शाईचे डाग ठिपक्यांसारखे दिसतात. अशा वेळी बेरीज अशक्य आली, १७४० वगैरे, तर डोळ्यांवर अविश्वास दाखवा आणि दुसऱ्या प्रतीत तेच पान शोधा.

इंग्लंडचं गणित आणखी वेगळं. हॉलंडने ग्रेगरी पोपचं नवं पंचांग घेतलं होतं. इंग्लंड जुन्याला धरून बसलं होतं आणि दहा दिवस मागे होतं. शिवाय तिथे वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणून लंडनच्या कागदावर ‘फेब्रुवारी १६५६’ दिसलं तर ते आपल्या हिशेबाने १६५७ असण्याचीच शक्यता जास्त. लंडनच्या तारखांपुढे मी बारीक ‘जु’ लिहिते, जुनं पंचांग.

छापल्याचं गाव डोळे मिटून उतरवू नका हेही इथेच सांगते. त्याचा सगळ्यांत गाजलेला ग्रंथ ‘कॉन्सिलियादोर’, पहिला भाग १६३२. शीर्षकपानावर फ्रँकफुर्ट छापलंय, प्रत्यक्षात छपाई ॲमस्टरडॅमची. त्या काळी खोटं गाव छापणं ही नवलाची गोष्ट नव्हती. रकान्यात दोन्ही लिहा: छापलेलं गाव आणि खरं गाव.

भाषेचा रकाना

हा रकाना भरला की खरी मजा सुरू होते. ‘कॉन्सिलियादोर’ स्पॅनिशमध्ये. ‘तेझोउरो दोस दिनीम’, म्हणजे ज्यू आचारनियमांचं भांडार, १६४५ ते १६४७, पोर्तुगीजमध्ये. मृतांच्या पुनरुत्थानावरचं पुस्तक १६३६ मध्ये स्पॅनिश आणि लॅटिन दोन्हींत. आयुष्याची मुदत ठरलेली असते का, या प्रश्नावरचं १६३९ चं पुस्तक लॅटिनमध्ये. ‘निश्मत हायिम’ हा आत्म्याबद्दलचा, पुनर्जन्म आणि भुताखेतांपर्यंत पोचणारा जाडजूड ग्रंथ १६५१ च्या सुमाराचा, हिब्रूत. लंडनमधल्या पुस्तिका इंग्रजीत.

‘बहुभाषक विद्वान’ म्हणून कौतुक करून पुढे जाऊ नका. प्रत्येक भाषेमागे वेगळा वाचक उभा आहे. ॲमस्टरडॅमला येणारे नवे ज्यू चाळिशी-पन्नाशीचे व्यापारी, वैद्य. ख्रिस्ती शाळांत शिकलेले, कोणी विद्यापीठात लॅटिन पढलेले, आणि हिब्रूचं एक अक्षर न येणारे. आपल्याच धर्मात हे लोक नवशिके होते. घरात, बाजारात, समाजाच्या दप्तरात पोर्तुगीज. ग्रंथाला साजेशी, भारदस्त भाषा म्हणून स्पॅनिश. म्हणून शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, काय चालतं, स्वयंपाकघर कसं ठेवायचं, हे पोर्तुगीजमध्ये. बायबलवरची चर्चा स्पॅनिशमध्ये. लॅटिन ख्रिस्ती पंडितांसाठी. हिब्रू पोलंडपासून तुर्कस्तानपर्यंतच्या रब्बींसाठी, जे बाकी काही वाचणार नव्हते.

माझ्यासारखीला चटकन दिसलेली आणखी एक गोष्ट लिपीची. इस्तंबूल किंवा सलोनिकाचे सेफार्दी आपली स्पॅनिश हिब्रू अक्षरांत छापत. ॲमस्टरडॅमचे रोमन अक्षरांत छापत, कारण त्यांच्या वाचकाला तीच अक्षरं येत होती. स्पेनमधल्या एकाच हकालपट्टीतून निघालेल्या समाजाच्या दोन फांद्या, आणि त्यांच्यातला फरक छापखान्यातल्या खिळ्यांच्या, म्हणजे अक्षरांच्या ठशांच्या, पेटीत दिसतो.

खिळ्यांचा विषय निघालाच आहे तर: मेनाशेने १६२६ मध्ये छापखाना काढला तेव्हा ॲमस्टरडॅममध्ये ज्यू मालकाचा हिब्रू छापखाना नव्हताच. निकोलास ब्रियो या अक्षरकोरक्याकडून त्याने नवे हिब्रू खिळे करून घेतले. मालक तेव्हा बावीस वर्षांचा. एका पत्रात त्याने आपल्या दिवसाचा हिशेब दिलाय: दोन तास सिनगॉगमध्ये, सहा तास शाळेत, दीड तास पाठशाळांत, अकरा ते बारा भेटायला येणाऱ्यांसाठी, आणि दोन तास छापखान्याची प्रुफं तपासण्यात, कारण सगळं त्याच्या हाताखालून जातं. मी ते वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून चहा टाकला. शाळेतले सहा तास झाल्यावर दोन तास हिब्रू प्रुफं. हिब्रूत दालेत आणि रेश यांच्यात फरक फक्त एका कोपऱ्याचा. डोळ्यांचं काय होत असेल!

अर्पणपत्रिका: इथे वेळ काढा

चौथा रकाना भरायला सगळ्यांत जास्त वेळ द्या. एकच पुस्तक नीट करायचं असेल तर ‘इस्राएलची आशा’ घ्या, १६५० चं.

त्यामागची हकिगत अशी. १६४४ मध्ये आन्तोनियो दे मोन्तेझिनोस नावाचा, ज्यू नाव आहरोन लेवी असलेला, एक प्रवासी दक्षिण अमेरिकेतून ॲमस्टरडॅमला आला. त्याने शपथेवर सांगितलं की फ्रान्सिस्को नावाच्या इंडियन वाटाड्याबरोबर डोंगर ओलांडून तो एका नदीकाठी पोचला, आणि पलीकडून आलेल्या माणसांनी ‘शेमा इस्राएल’ ही प्रार्थना म्हणून दाखवली. म्हणजे इस्राएलच्या बारा वंशांपैकी हरवलेल्या दहा वंशांतले लोक! ऐकणाऱ्यांत मेनाशे होता. पुढे मोन्तेझिनोस ब्राझीलमध्ये वारला आणि मरतानाही त्याने तीच शपथ घेतली, असं मेनाशे लिहितो.

आता दोन प्रती शेजारी ठेवा. स्पॅनिश प्रत त्याच्या मुलाच्या नावाने छापलेली: सामुएल बेन इस्राएल सोएइरो. (पाहा, मागे टाकलेलं पोर्तुगीज आडनाव छापखान्याच्या ओळीत जिवंत आहे.) ती अर्पण केलीय ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाच्या कारभाऱ्यांना. त्याच वर्षीची लॅटिन प्रत अर्पण केलीय इंग्लंडच्या पार्लमेंटला. वर्ष १६५०. राजा चार्ल्सचं डोकं उडवून त्या पार्लमेंटला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. इंग्लंडमधून ज्यूंना १२९० मध्ये हाकललं होतं आणि तिथले कित्येक प्युरिटन, म्हणजे कडवे प्रोटेस्टंट, बायबलच्या भविष्यवाण्यांची गणितं मांडत बसले होते. दानीएल म्हणतो, पवित्र लोकांची पुरती पांगापांग झाली की शेवट जवळ. अमेरिकेत इस्राएली सापडले असतील तर जगाच्या एका टोकाला ते पोचले. मग राहिलं दुसरं टोक, इंग्लंड. हा धागा तो पाच वर्षांनी लंडनमध्ये उघडपणे ओढणार होता. १६५० च्या लॅटिन अर्पणपत्रिकेत त्याचं टोक दिसतं. तिसरी प्रत इंग्रजी, त्याच वर्षीची, भाषांतर मोझेस वॉल या ख्रिश्चनाचं. तीही चौकटीत लिहा, पण पाचव्या रकान्यात जपून, कारण वॉलचे हेतू मेनाशेचे नव्हेत.

याच पुस्तकाबद्दल एक गैरसमज इतका पसरलाय की मुद्दाम सांगते. अमेरिकेतले मूळ रहिवासी म्हणजे हरवलेले इस्राएली, असं मेनाशे म्हणतो, हे वाक्य तुम्हाला ठिकठिकाणी सापडेल. तो असं म्हणत नाही. त्याच्या मते ते बहुतांशी तार्तर वंशाचे; इस्राएली त्यांच्या आधी पोचले आणि मग त्यांच्याशी लढाया होऊन डोंगरांमागे दडले. मोन्तेझिनोसची गोष्ट आपल्याला पटण्यासारखी नाही, ते राहू द्या. पण लेखकाने जे म्हटलं नाही ते त्याच्या तोंडी घालायचं नाही.

बाकीच्या अर्पणपत्रिका आता भराभर भरा. ‘कॉन्सिलियादोर’चा दुसरा भाग, १६४१: डच वेस्ट इंडिया कंपनी. त्या वेळी ब्राझीलचं रेसीफे डचांकडे होतं आणि मेनाशे तिकडे जायच्या विचारात होता. ‘निश्मत हायिम’: सम्राट फर्डिनांड तिसरा. १६५५ चं ‘पिएद्रा ग्लोरिओसा’: पंडित इझाक फोसियस, ज्याचा भाऊ डिओनिसियस याने ‘कॉन्सिलियादोर’चं लॅटिन केलं होतं.

‘किती ही खुशामत’ असं वाटलं का? मलाही वाटलं होतं. मग पगाराचे आकडे भेटले. १६३९ मध्ये ॲमस्टरडॅममधल्या तीन ज्यू मंडळ्या एक होऊन ‘तालमूद तोरा’ झाली आणि चार रब्बींची उतरंड लागली. पहिला शाऊल लेवी मोर्तेइरा, ६०० गिल्डर. दुसरा दाविद पार्दो, ५००. तिसरा मेनाशे, १५०. चौथा इझाक आबोआब, ४५०. क्रमाने तिसरा, पैशाने शेवटचा. पुढच्याच वर्षी मेहुण्याच्या बाजूने सिनगॉगमध्ये आवाज चढवला म्हणून त्याला एका दिवसाचा बहिष्कारही भोगावा लागला. आबोआब १६४२ मध्ये रेसीफेला गेला, तेव्हा मेनाशेची पायरी सुधारली आणि ब्राझीलचा बेत मागे पडला. हे ठाऊक झाल्यावर अर्पणपत्रिका पुन्हा वाचा. बाहेरच्यांच्या दारात तो मानाने उभा राहतो, घरच्यांच्या दारात मागच्या रांगेत.

मजकुराला हात

आता पुस्तक उघडा. ‘कॉन्सिलियादोर’ सुरुवातीपासून सलग वाचायचा नसतो. बायबलमधली एकमेकांशी न जुळणारी वचनं घेऊन ती जुळवणं, असं त्याचं स्वरूप. चार भाग, १६३२ ते १६५१. इंग्रजी येत असेल तर १८४२ चं लिंडोचं भाषांतर मिळतं.

मी असं करते. जुळत नाहीत अशी दोन वचनं आधी स्वतः समोर ठेवते. उदाहरणार्थ, उत्पत्ती १५:१३ मध्ये अब्राहामाच्या वंशजांना परक्या देशात चारशे वर्षं जाच होईल असं म्हटलंय. निर्गम १२:४० मध्ये मिसरातला मुक्काम चारशे तीस वर्षांचा. हे कसं? आधी स्वतःचं उत्तर दोन ओळींत लिहायचं. मग त्याने अशी गाठ कशी सोडवली ते पाहायचं. त्याची रीत कळते ती अशाने. तो आधी दोन्ही वचनांची अडचण अगदी स्पष्ट मांडतो, प्रतिपक्षाच्या वकिलाने मांडावी तशी. मग जुन्या रब्बींची उत्तरं एकामागून एक. मध्येच प्लेटो किंवा एखादा ख्रिस्ती लेखकही येतो. बऱ्याचदा तो अनेक उत्तरं देतो आणि एकावर बोट ठेवत नाही. याचा सुरुवातीला राग येतो. मग आठवतं की वाचणारा लिस्बन किंवा माद्रिदहून नुकताच आलेला, शंका घेऊन आलेला माणूस आहे. त्याला एक उत्तर पटलं नाही तर धर्मच सुटण्याची भीती. चार दिली तर एखादं तरी पटेल.

वचनं तपासताना एक धोका आहे. हिब्रू बायबल आणि मराठी पवित्र शास्त्र यांतले आकडे सगळीकडे जुळत नाहीत. स्तोत्रांत हिब्रू मोजणी मथळ्याची ओळही धरते, म्हणून पुष्कळदा एका ओवीचा फरक पडतो. मलाखीचे हिब्रूत तीन अध्याय, मराठीत चार. संदर्भ सापडला नाही की पुढचीमागची ओवी बघा, लगेच ‘छापखान्याची चूक’ म्हणू नका. (छापखान्याच्या चुकाही आहेत. त्या शोधण्यात जो आनंद आहे तो मी वर्णन करणार नाही, तुम्ही मला वेडी म्हणाल.)

‘निश्मत हायिम’ शेवटासाठी ठेवा.

लंडनच्या पुस्तिका

या छोट्या आहेत आणि थेट वाचता येतात. ल्यूशियन वूल्फने १९०१ मध्ये त्या एकत्र छापल्या. मेनाशे सप्टेंबर १६५५ मध्ये लंडनला पोचला आणि क्रॉमवेलला उद्देशून ‘नम्र निवेदन’ छापून दिलं. मथळे आधी वाचा: ज्यू किती फायद्याचे, ज्यू किती इमानी. फायदा ही सगळ्या जगाला सगळ्यात प्रिय असलेली गोष्ट, म्हणून तिच्यापासून सुरुवात, असं तो चक्क लिहितो. हाच माणूस ‘इस्राएलची आशा’मध्ये दानीएलची भविष्यं मांडत होता. पाचवा रकाना भरलेला असेल तर यात विसंगती दिसणार नाही. समोरचा वाचक बदललाय.

जगभर ज्यूंना राजे कसं वागवतात याची तो यादी देतो, त्यात कोचीनही येतं: चार सिनगॉग, एक गोऱ्यांचं, तीन सावळ्यांचे, आणि राजाची मर्जी. तिथे कधी न गेलेला माणूस पत्रांवर आणि व्यापाऱ्यांच्या बोलण्यावर हे लिहितोय. त्याची यादी इतिहास म्हणून वाचण्याआधी अर्जाची जोडपत्रं म्हणून वाचा.

डिसेंबर १६५५ मध्ये व्हाइटहॉलला परिषद भरली. ग्लिन आणि स्टील या न्यायाधीशांनी सांगितलं की ज्यूंना येण्यास मनाई करणारा कायदाच नाही. पण पाद्री आणि व्यापारी बिथरले. विल्यम प्रिनने विरोधात पुस्तिका काढली. काहीच न ठरता क्रॉमवेलने परिषद गुंडाळली. तेव्हा तुमच्या वहीत ‘क्रॉमवेलने १६५६ मध्ये ज्यूंना परवानगी दिली’ असं वाक्य येऊ देऊ नका. असा हुकूम निघाला नाही. मार्च १६५६ मध्ये मेनाशे आणि लंडनमध्ये राहणाऱ्या सहा जणांनी अर्ज केला तो घरांत प्रार्थना करण्याचा आणि दफनभूमीचा. पुढे जे झालं ते असंच, गाजावाजा न करता.

त्या एप्रिलमधली ‘ज्यूंची कैफियत’ ही मला त्याची सगळ्यांत चांगली लिहिलेली गोष्ट वाटते. ज्यू ख्रिस्ती मुलांचं रक्त वापरतात, या जुन्या आरोपाला तो तिथे उत्तर देतो. पांडित्य बाजूला ठेवतो आणि शपथ घेतो: असं काही मी कधी पाहिलं असेल किंवा अशी काही चाल ज्यूंमध्ये असेल तर बायबलमधले सगळे शाप माझ्यावर येवोत. १७८२ मध्ये जर्मन ज्यू तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोनने तिच्या जर्मन भाषांतराला प्रस्तावना लिहिली, म्हणजे सव्वाशे वर्षांनीही ती हत्यार म्हणून चालत होती.

चित्रांच्या मोहात

मेनाशे शोधलात की चित्रकार रेम्ब्रांट येतोच. १६३६ चं एक कोरीव चित्र वर्षानुवर्षं मेनाशेचं म्हणून छापलं गेलंय. ते त्याचं असण्याबद्दल जाणकारांत वाद आहे. खात्रीचं हवं असेल तर सालोम इटालियाचं १६४२ चं घ्या, त्याच्यावर नाव आहे.

दोघांची गाठ पडते ती दोन ठिकाणी. ‘पिएद्रा ग्लोरिओसा’साठी रेम्ब्रांटने चार चित्रं कोरली: नबुखद्नेस्सराचा पुतळा, याकोबाची शिडी, दावीद आणि गल्याथ, दानीएलची चार श्वापदं. चारही एकाच तांब्याच्या पत्र्यावर. पत्रा नंतर कापला. दुसरं ठिकाण म्हणजे ‘बेलशस्सराची मेजवानी’ हे रेम्ब्रांटचं चित्र. भिंतीवरची ‘मने, मने, तकेल, ऊफारसीन’ ही अक्षरं राजाच्या पंडितांना वाचता का आली नाहीत? ती आडवी नव्हतीच, वरून खाली लिहिलेली होती, असं एक जुनं रब्बींचं उत्तर मेनाशे आपल्या १६३९ च्या पुस्तकात देतो, आणि चित्रात ती तशीच आहेत. फक्त शेवटचं अक्षर चुकलंय. शेवटी येणारा नून हवा, तिथे झायिन आहे. एक शेपूट आखूड राहिलं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत जगभरचे लोक त्या प्रकाशाकडे बघतात. मी त्या अक्षराभोवती मनातल्या मनात लाल गोल काढते.

कशावर विश्वास ठेवायचा नाही

काही पुस्तकांच्या शेवटी मेनाशे आपल्या ‘छपाईला तयार’ ग्रंथांची यादी देतो. ते सगळे कागदावर उतरवून त्यांच्या मागे लागू नका. बरेचसे कधीच छापले गेले नाहीत. प्रकाशक मंडळी हे हसून समजून घेतील.

ॲमस्टरडॅमच्याच ज्यू समाजातल्या स्पिनोझा या तत्त्वज्ञाला त्याने शिकवलं आणि त्याच्याच हाताने बहिष्कृत केलं, असं नाट्यही भेटेल. बहिष्काराचा दिवस २७ जुलै १६५६. त्या दिवशी मेनाशे लंडनमध्ये होता.

शेवटचं पान

फेब्रुवारी १६५७ मध्ये क्रॉमवेलने त्याला सालाना १०० पौंड मंजूर केले. ते मिळाले नाहीत. सप्टेंबरमध्ये मुलगा सामुएल लंडनमध्ये वारला, ज्याच्या नावाने ‘इस्राएलची आशा’ छापली होती तोच. मुलाचा देह परत नेण्यासाठी मेनाशेने पैसे मागितले; पेन्शन सोडण्याच्या बदल्यात २०० पौंड कबूल झाले, तेही हाती पडले नाहीत. तो मिडलबर्गपर्यंत पोचला आणि तिथेच गेला. त्याची कबर ॲमस्टरडॅमजवळ औडरकर्कला आहे. दगडावर स्पॅनिश ओळी आहेत: तो मेला नाही, स्वर्गात तो परम वैभवात जगतो, आणि त्याची लेखणी इथे अमर आठवण ठेवून गेली.

त्याच्या मृत्यूची तारीख १४ किस्लेव ५४१८. ४१८ अधिक १२४०, झाले १६५८. मी तसंच लिहिलं, शाईने, पहिल्या वर्षीच्या वहीत, आणि चार महिने ते तसंच राहिलं. किस्लेव हा तिसरा महिना. एक वजा करायचा: १६५७, २० नोव्हेंबर. खोडून वर लिहिलंय, पण जाड निबाची शाई, खालचा आठ अजून दिसतो.